कडू कांद्याची पुरवणी

माझा लघुप्रबंध इंटरनेटवर येणार हे कळलं, त्या दिवशी मी नागपूरच्या ऑफिसात चार जणांना विनाकारण चहा पाजला. चंद्रपूरच्या माझ्या जुन्या कॉलेजच्या ग्रंथपालांचा, रामटेके सरांचा, फोन होता. विद्यार्थ्यांचं जुनं काम स्कॅन करून ते सगळ्यांसाठी खुलं करणार होते. त्यात माझा वीस वर्षांपूर्वीचा एमएचा प्रबंधही होता, एटापल्लीजवळच्या एका माडिया गावातल्या रानभाज्या आणि कंदांवरचा. सोमवारी चढणार म्हणाले. मला वाटलं, जिच्या चुलीपाशी बसून तो लिहिला त्या जुरीबाईंना आधी दाखवून यावा. रजा टाकली आणि निघाले.

गुरुवारी सकाळची चंद्रपूर एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट, म्हणजे खिडकीही अर्ध्या किमतीत! बाराच्या आत कॉलेजात पोचले. ग्रंथालयामागची विद्यार्थ्यांच्या कामाची ती खोली पाहायला उद्या कुणी तिकीट लावलं तरी मी रांगेत उभी राहीन. मालगुजारी तलावांचे हाताने काढलेले नकाशे, झाडीपट्टीच्या नाटकांच्या जाहिराती, कोळसा खाणीतल्या कामगारांच्या मुलाखती, बौद्ध वस्तीतल्या बायांनी चालवलेल्या अभ्यासिकेची हजेरी वही, गोंडी कोड्यांच्या कॅसेट, आणि एका पोरीने पाकिटात जपलेले धानाच्या जुन्या वाणांचे दाणे. मी कपाटातून कपाटात उड्या मारत होते.

"मॅडम, लोकं ताडोब्याले वाघ पाहाले येतात," रामटेके सर म्हणाले. "इथी कोणी येत नाई. अन् इथी तर सगळा जिल्हा बसून राह्यला!"

माझ्या प्रबंधाची झेरॉक्स घेतली आणि दुपारची आलापल्ली गाडी धरली. बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी असा रस्ता. आष्टीपुढे खनिजाचे ट्रक एकामागून एक येतात आणि गाडी खड्डे मोजत चालते, म्हणून वेळेचा हिशेब सैल ठेवा. मुक्काम आलापल्लीत केला. खोली साधी, सागाच्या जंगलातून येणारी डिसेंबरची थंडी मात्र अस्सल, तेव्हा स्वेटर विसरू नका. रोख पैसेही जवळ असू द्या, पुढे मोबाईलने पैसे देण्याच्या गप्पा करायच्या नाहीत.

शुक्रवारी एटापल्ली, आणि तिथून काळीपिवळीने गाव. जुरीबाईंनी मला लगेच ओळखलं. त्यांची सून सविता माडियाचं मराठी करून सांगायला बसली, आजूबाजूच्या बायाही जमल्या. मी एकेक पान वाचत होते, सविता माडियात सांगत होती आणि बाया माझ्या भाज्यांच्या चित्रांना खो खो हसत होत्या. मी तर हवेतच होते.

मग कडू कांद्याचं, म्हणजे एका रानकंदाचं, पान आलं. "या कंदाचे काप करून, उकळून खातात."

हसणं थांबलं. जुरीबाई म्हणाल्या, "इल्ले." एवढं माडिया मला येतं: नाही.

"आई इचारून राह्यली, एवढंच लिवलं का?" सविता म्हणाली. "तीन दिवस वाहत्या पाण्यात ठेवा लागते ना, बाई. नाई तं खानारा मरल!"

माझे कान गरम झाले. वीस वर्षांपूर्वी मी इथे चार दिवस राहिले होते. मी उठायच्या आत कापांची टोपली नाल्यातून घरी आलेली असायची. मी चूल पाहिली आणि चूलच लिहिली.

"पण मला कुणी सांगितलं कसं नाही?"

"हे काय सांगाची गोष्ट हाय?" सविता म्हणाली. "तुमी चहा करा म्हनता, तवा ग्यास पेटवा म्हनता का?"

गावाबाहेरच्या टेकाडावर रेंजची एक काडी मिळते. तिथून रामटेके सरांना फोन लावला.

"जमा झालेल्या प्रबंधात मले एक वेलांटी बदलता येत नाई," ते म्हणाले. "पुरवणी जोडता येते, सांगणाऱ्याच्या नावानं. सोमवारी सकाळपर्यंत पाठवा. नाई तं तुमचा मागं ठेवतो. पुढची खेप कधी निघंल, काई भरवसा नाई."

मी धावत परत आले आणि वही उघडली. जुरीबाईंनी ती मिटून बाजूला ठेवली.

"आई म्हनते, नुसतं पाहून लिवलं म्हनून चुकलं," सविता म्हणाली. "आता करून लिवा."

तीन दिवस म्हणजे सोमवार दुपार. सोमवारची खेप चुकणार होती. खोटं कशाला बोलू, क्षणभर जिवावर आलं. चहा पाजलेले चौघे डोळ्यांपुढे आले. पण कुणी माझं पान वाचून तो कांदा खाल्ला तर? मी टेकाडावर परत गेले आणि सरांना म्हटलं, मागे ठेवा.

मग मजा सुरू झाली! काप करताना हात असे खाजले की बाया पुन्हा हसायला लागल्या. बांबूची टोपली नाल्याच्या धारेत दगडांत रोवायची, रोज सकाळी गार पाण्यात उतरून काप वरखाली करायचे. मुक्काम सविताकडेच, जेवायला भात आणि उडदाची डाळ. सोमवारी दुपारी काप उकळले. आधी जुरीबाईंनी एक चाखला, मान डोलावली, मग आम्हाला दिला. मऊ, किंचित गोडसर, आणि मीठ लावून फारच छान. (ब्लॉग वाचून कुणी घरी प्रयोग करायचा नाही. खायचाच असेल तर करणाऱ्याच्या हातचा खा.)

पुरवणी जुरीबाईंनी सांगितली, मी लिहिली, सविताने तपासली. खाली त्यांचा अंगठा.

घरी येऊन महिना झाला. हातांची खाज दोन दिवसांत गेली, लाज थोडी उरली आहे, आणि ती असू दे. ग्रंथालयामागच्या त्या खोलीतल्या प्रत्येक कागदामागे कुणीतरी सांगायचं राहून गेलेलं असणार, हे मात्र डोक्यातून जात नाही.

काल सरांनी लिंक पाठवली. माझ्या नावाखाली वेगळी नोंद आहे: पुरवणी, लेखिका जुरीबाई पुंगाटी. मी उड्या मारतच सविताला फोन लावला. म्हटलं, आईंना सांग, त्यांचं नाव आता जगात कुठूनही दिसतं, लेखिका म्हणून!

पलीकडे माडियात थोडं बोलणं झालं.

"आई म्हनते, नावाचं राहू द्या," सविता म्हणाली. "तीन दिवस पानी लिवलं ना?"