खालाचा हात आणि सात नंबरची दीर्घिका

वाचकहो, सावरून बसा! जुन्नरच्या इतिहासातली एक अत्यंत गंभीर घटना मी आज जाहीर करतोय — आमच्या फ्रीजमध्ये, मटणाच्या शेजारी, बारा दीर्घिका ठेवल्या होत्या.

मी मॅचिंग सेंटरवाला. माझा विश्वास रंगांवर... भुताखेतांवर शून्य.

माझी लेक शबाना खोडदच्या दुर्बिणीवर संशोधन करते. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचे दूरचे मेळे. काहींच्या पोटात कृष्णविवर जागं असतं, भोवतीची धूळ तापते. ती धग डोळ्यांना दिसत नाही. पण उपग्रहानं टिपलेल्या इन्फ्रारेडच्या दोन पट्ट्यांतल्या तेजाची वजाबाकी केली की 'रंग' निघतो; तांबडी ती जागी, बाकी निजलेल्या. त्या दिवशी पाचच्या आत तिला निरीक्षणासाठी एकच दीर्घिका कळवायची होती. निवड चुकली तर प्रबंध वर्षभर मागे! टेबलावर बारा दीर्घिकांचे छापलेले बारा कागद. तिच्या मते तीन जाग्या.

शेजारी माझी खाला, म्हणजे मावशी. जन्मभर ओढण्या रंगवल्या, पुढे साखरेनं दृष्टी गेली. रंगाच्या पातेल्याचा ताव ती पालथ्या हातानं बघायची. तसाच हात तिनं कागदांवरून फिरवला.

"थंड... थंड... ही तापलीय..."

शबानाच्या तिन्ही तिनं बरोबर ओळखल्या! पण सातव्या कागदावर तिनं हात झटकला. "या अल्ला!"

"खाला, ती निजलेली आहे," शबाना म्हणाली.

"निजलेली? लई पोळतंय, पोरी!"

प्रिंटरची ऊब, दुसरं काय! मी कागद फ्रीजमध्ये कोंबले. वीस मिनिटांनी काढले, पिसले, पालथे मांडले. खालानं पुन्हा तेच चार काढले... आणि तिच्या हातावर लाल चट्टा उठला.

"अब्बा, तमाशा पुरे!" शबाना ओरडली. तरी तिनं लॅपटॉप उघडला. तक्त्यातली सातवी ओळ तेवढी तिनं हातानं भरली होती... आणि वजाबाकी उलटी केली होती! सुलटी केली, तर सातवी सगळ्यांत तांबडी निघाली. पाचला पाच कमी असताना तिनं तीच पाठवली.

निरीक्षण झालं. सातवी टक्क जागी होती.

लेकीची चूक मला समजली. खालाचा हात अजून समजलेला नाही.

निकाल ऐकवताना मी ज्ञान पाजळलं, "खाला, ती धग कोट्यवधी वर्षांपूर्वीची आहे!"

खाला हातावर फुंकर घालत म्हणाली, "मंग एवढी भट्टी पेटती ठिवून गेलं कोन?"