गोटीभाऊंचं अळणी आणि फसफसती पुडी

आमच्या पंचवटीतल्या गोटीराम आचाऱ्याला स्वतःवरच चिडलेलं मी बघितलंय. थांबा, सांगतेच!

दोन हजार चार साल. गोटीभाऊंची तृप्ती मालेगावला द्यायची ठरली. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरींच्या लग्नात जिलेबी तळणारा हा माणूस, आपल्या पोरीची भट्टी दुसऱ्याच्या हाती देईल? पण डॉक्टरांनी अडवलं. बीपी एकशेऐंशी! म्हणाले, "गोळी रोज घ्या, मीठ अगदी कमी करा. हे खाली आलं नाही, तर भट्टीपुढे उभं राहायचं नाही."

गोटीभाऊंनी मीठ कमी नाही, बंदच केलं. कामावरचा रस्सा चाखायलासुद्धा नुसता जिभेवर टेकवायचे आणि थुंकायचे. एकट्यालाच अळणी वाढलं तर जीव तुटेल, म्हणून त्यांची बायको, आमच्या भिमावहिनी, सगळ्या घराला अळणीच वाढायला लागल्या. एकदा मीही त्यांच्याकडे जेवले. वांग्याची भाजी म्हणजे नुसतं गरम वांगं हो! मी म्हटलं, "वहिनी, नवस बोललात का काय?" तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्यानं दोन पोळ्या संपवल्या.

दोन महिने झाले, तरी बीपी हलेना. लग्नाला उरले पाच आठवडे. तृप्ती रडवेली, तिकडे दुसऱ्या आचाऱ्याला निरोप धाडायची तयारी.

त्याच आठवड्यात मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये उभी होते. काउंटरवर हर्षाली, नुकतीच फार्मसी करून आलेली चुणचुणीत पोर. गोटीभाऊ आले आणि म्हणाले, "बाळ, त्या फसफसणाऱ्या पुड्या दे. बारा."

"बारा? रोज किती घेता काका?"

"तीन, कधी चार. दिवसभर चहा आणि मिरचीची वाफ, पोट जळतं गं. पाण्यात टाकली, प्यायलो, ढेकर आला, की मोकळा!"

"कधीपासून?"

"दोन-तीन वर्षं झाली की."

"आणि खिशातून डोकावतेय ती गोळी बीपीची ना?"

"हो."

हर्षालीनं पुडी उलटी केली आणि बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. "काका, हे वाचलंत? यात सोडियम आहे. मिठात असतं ना, तेच. एका पुडीत भरपूर."

गोटीभाऊंनी स्वतःवरच चिडून पुडी काउंटरवर आपटली. "म्हणजे ताटातलं मीठ सोडलं, आणि ग्लासातून पीत होतो?"

"बीपीवाल्यानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही घ्यायची नसते. बाकीच्यांनीही कधीतरी एखादी, रोज नाही. आणि इतकी वर्षं पोट जळतंय, तर ते का जळतंय हे तपासायला नको? आता पुड्या बंद. पण बीपीची गोळी मनानं कमी-जास्त करू नका हं. डॉक्टरांना सगळं सांगा."

"त्यांनी विचारलंच नव्हतं."

"तुम्ही सांगितलंत का?"

"त्याला कुठं औषध म्हणतात!"

मी तर तिथंच टाळी वाजवली. "चला, चला, आधी वहिनींना सांगते!"

वहिनी पोळ्या लाटत होत्या. सगळं ऐकलं आणि लाटणं खाली ठेवलं. "दोन महिने! दोन महिने मी अळणी गिळलं! सासूबाईंनीसुद्धा एवढा छळ केला नव्हता!"

दुसऱ्या दिवशी गोटीभाऊंनी रिकाम्या पुड्यांची पिशवीच डॉक्टरांच्या टेबलावर ओतली. डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. पोटाची तपासणी केली, पुड्या बंद केल्या, जळजळीला वेगळी गोळी दिली, आणि रिकाम्या पोटी चहा बंद. तेव्हापासून दर सोमवारी बीपी मोजायला आमची वरातच जायची. एकशेसत्तर. एकशेपंचावन्न. एकशेपंचेचाळीस. आणि चौथ्या सोमवारी एकशेअडतीस! तृप्ती दवाखान्यातच ओरडली. डॉक्टर म्हणाले, "उभे राहा, पण मधेमधे बसायचं."

लग्नात भट्टीपुढे स्टूल, स्टुलावर गोटीभाऊ, हातात झारा. जिलेबी अशी कुरकुरीत, की मी पाच खाल्ल्या. सहावी वहिनींनी ताटातून काढून घेतली.

पंगत उठली. नवरदेवाचे मामा पोटावर हात फिरवत आले. "आचारी, ती फसफसणारी पुडी आहे का हो तुमच्याकडे?"

गोटीभाऊंनी झारा खाली ठेवला. "मामा, बीपी आहे?"

"शे ना, दहा वर्षांपासून शे!" मामांनी अहिराणीत होकार भरला.

"मग बसा इथं," गोटीभाऊ उठून स्टूल पुढे सरकवत म्हणाले. "आधी सांगा, रोज किती पुड्या?"