चाकं टेकलेली असताना

आईला आठवड्यातून तीनदा, सोमवार-बुधवार-शुक्रवार, गिरगावातून परळच्या हॉस्पिटलात न्यावं लागे. दुखणं मणक्यापर्यंत पोचलं होतं. टॅक्सी तिला नको असे. "हळू चालव, हळू चालव, असं परक्या माणसाला किती वेळा सांगायचं?" म्हणून आमची जुनी गाडी. भायखळ्याच्या पुलावर चाक सांध्यावरून गेलं की ती नुसते डोळे मिटून घेई. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

पूल उतरल्यावर, रस्ता खड्डेमुक्त केल्याबद्दल आठ हसऱ्या चेहऱ्यांचं अभिनंदन करणारा फलक होता. पहिला खड्डा त्याच्या बरोबर खाली.

पुढच्या चाकांना धरून ठेवणाऱ्या आर्मच्या टोकांतले, धक्का गिळणारे रबरी बुश झिजले होते. नवे बुश बसवलेले आर्म आणून मी ते घरीच बदलायचं ठरवलं. गाडीचं मॅन्युअल मी कादंबरीसारखं वाचतो, म्हणजे कंटाळवाणी पानं गाळून. रविवारी वाडीतच गाडी जॅकवर चढवली, आर्म लावले आणि बोल्ट अगदी मनापासून आवळले.

सोमवारी गाडी पहिल्यापेक्षा कडक चालली. हॉस्पिटलच्या दारात आई म्हणाली, "बुधवारी नको नेऊस. मला नाही सोसत. पुरे झालं आता." गाडीबद्दल ती एक शब्द बोलली नाही.

संध्याकाळी मी शेजारच्या काकांना गाठलं. त्यांचं आयुष्य बसच्या डेपोत गाड्यांखाली गेलेलं.

"बोल्ट आवळलंस तेव्हा चाकां खंय होती?"

"हवेत. जॅकवर."

"मेल्या, हवेत कोण आवळता?"

मग त्यांनी हाताच्या पंज्याने दाखवलं. चाक लटकत असताना आर्म खाली झुकलेला असतो. तिथेच बोल्ट आवळला की बुशचं रबर त्या जागी पकडलं जातं. गाडी जमिनीवर आली की ते पिळलं जातं आणि तसंच राहतं. धक्का गिळायला त्यात काही उरत नाही, आणि थोड्या दिवसांत ते फाटतं. हे मॅन्युअलमध्येही होतं. नंतर पाहिलं.

मंगळवारी सकाळी पुढची चाकं जाड लाकडी उतारांवर चढवली आणि मागच्या चाकांना पाचर लावली. गाडीचं वजन आता चाकांवर होतं, आणि मला खाली शिरण्यापुरती जागा होती. मी बोल्ट सैल केले. काकांनी बॉनेट दाबून गाडी दोन-चारदा हलवली आणि म्हणाले, "वहिनींक पुढे बसव. त्यांच्यासाठीच करतंस, मगे त्यांचा वजन नको?"

आई कठडा धरत पहिल्या मजल्यावरून उतरली. "माझं आता वजन तरी किती राहिलंय, भावजी?"

"आसा तेवढा टाका," काका म्हणाले.

ती बसली तेव्हा गाडी जेमतेम हलली. मी खाली पाठीवर पडून टॉर्क रेंच लावला. ठरलेल्या जोराला तो टक् करतो; त्याच्यापुढे मनापासून काही करायचं नसतं. वरून आईचा आवाज आला.

"झालं का रे?"

"दोन राहिलेत."

"सावकाश कर. मी बसलेय."

शेवटचा बोल्ट आवळून बाहेर आलो, तिच्या बाजूचं दार उघडलं. ती उतरली नाही. वाडीच्या तोंडाकडे बघत राहिली.

"उद्या किती वाजता बोलावलंय?" तिने विचारलं.