टायरवरचं कुंकू

नव्या रबराचा वास आला, की मला सोलापूरचं ते दुकान आठवतं. दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. मी पहिलटकरीण, वडील मला बाळंतपणासाठी माहेरी, निजामाच्या मुलखातल्या लोहाऱ्याला न्यायला आले होते, पण मोटारीचे टायर झिजून पार गुळगुळीत झालेले. दुकानदार जाड, कडक टायर पुढं करून म्हणत होता, हे वर्षानुवर्षं टिकतील. वडिलांनी अंगठा दाबून दाबून मऊ निवडले. "टिकायचं ऱ्हाऊ द्या, पोरीला हादरा बसला न्हाय पायजे," एवढंच बोलले. निजामाच्या हद्दीवरच्या नाक्यावर परवान्याशिवाय नवे टायर दिसले, तर उतरवून घेत. म्हणून वाटेत ओढ्याला थांबून त्यांनी चारी टायरांना चिखल फासला. ते हात धुवायला गेले, तेवढ्यात मी करंडा काढला. नवी वस्तू घरी न्यायची, तिला कुंकू नको? नाक्यावरचा दाढीवाला जवान चाकापाशी वाकला. "मालक, जुन्या टायराला कुंकू?" वडील खाली उतरून धोतराच्या सोग्यानं ते पुसायला लागले, तर जवानानं त्यांचा हात धरला. आत माझ्याकडं एकदा बघितलं. "ऱ्हाऊ द्या. पोटुशी लेक बसलीया गाडीत. तिनं लावल्यालं कुंकू पुसू नगा." आणि त्यानं आडवा बांबू वर केला. परवा नातवानं गाडीला नवे टायर बसवले. मी करंडा घेऊन वाकले, तर म्हणाला, "आज्जी, किती लावतीस?" म्हटलं, "नाक्यावरनं दिसंल एवढं."