पाचची गाडी आणि माझी केमिस्ट्री

लावणी अर्धी राहिलेली, पायाचा चिखल नीट धुतलासुद्धा नव्हता, आणि मी बॅग घेऊन एसटीच्या थांब्यावर उभी. बाबा शेजारी. शेवटी एवढंच म्हणाले, "लावणी टाकून चाललीस." मागच्या शेतातून आई ओरडली, "तिच्या वाटची मी लावतेय. जा गं तू!"

भांडण कोर्सवरून होतं. बारवी धरणाकडच्या आमच्या पाड्यात पोरी कोर्स निवडतच नाहीत, गाडी निवडतात. बदलापूरहून शेवटची एसटी पाचला. बीए दुपारी सुटतं, म्हणून सगळ्या बीए. माझी ताई गणितात वर्गात पहिली, तीही बीएच. मला केमिस्ट्री पाहिजे होती, आणि तिची प्रॅक्टिकल सुटतात सहाला. बाबांचा एकच सवाल, "सांजच्याला आनाला कोन येल तुला?"

आणि खरं सांगते पोरींनो, फॉर्मवर मीसुद्धा बीएच टाकलं होतं. फॉर्म भरून देणारा सायबर कॅफेवाला म्हणाला, "इतने मार्क, और बीए? क्यूँ?" म्हटलं, "गाडी पाचची आहे." तो हसला. असला राग आला! त्याचा नाही, माझाच. म्हटलं, खोडा ते, बीएस्सी टाका.

मग कॉलेजसाठी उल्हासनगरला मावशीकडे राहिले. एक खोली, खाली जीन्स शिवायचा कारखाना, दिवसभर मशीनची घरघर. पहिला महिना रडले, कबूल. पण आमच्या धरणाचं पाणी मावशीच्या नळाला येतं आणि पाचनंतर आमच्याकडे एकही गाडी जात नाही, हे आठवलं की डोकं सणकायचं. मग मुकाट्यानं पुस्तक उघडायचे. बाबा तीन वर्षं फोनवर फक्त भातशेतीचं बोलले.

आता अंबरनाथला एका कंपनीच्या लॅबमध्ये आहे, बदलापूरला कुळगावात भाड्याची खोली. बीएला मी नावं ठेवत नाही. आवडतं म्हणून घ्या, खुशाल घ्या. गाडीसाठी घेऊ नका, बस्स.

या जूनमध्ये बाबा दारात उभे, सोबत पाड्यातली आमच्या शेजारची सुगंधा. म्हणाले, "हिला फिजिक्स पायजे. ठेवशील का तुझ्या घरी?" माझ्या बाबांनी मला विचारलं! भाड्याची ती खोली त्या दिवशी मला पहिल्यांदा घर वाटली. दुसरी चावी करून सुगंधाच्या हातात दिली.

अजून एक गादी मावते, पोरींनो. या.