धोबी आधी कोणी पाहिला

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, बहिणीला नाही, आणि स्वातीला तर नाहीच नाही. तुम्हाला का सांगतेय? कोण जाणे. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. पण आधी तो पक्षी कसा दिसला ते ऐका, कारण ते आठवलं की एवढं सगळं होऊनसुद्धा माझ्या अंगावर काटा येतो. आनंदाचा हो! तीच तर गोम आहे.

मी राहते बॉस्टनच्या वरच्या अंगाला, समुद्राकाठच्या एका गावात. मूळची नागपूरची, त्यामुळे समुद्र पाहिला तोच मुळी लग्नानंतर. दिवसभर घरून सॉफ्टवेअरचं काम, आणि उरलेला जीव पक्ष्यांत. लोक म्हणतात, उन्हाळ्यात जा ना बघायला! अरे यार, उन्हाळ्यात काय असतं? टॉवेल आणि छत्र्या. खरी धमाल हिवाळ्यात. बीच ओस पडतो, पार्किंगमध्ये एक गाडी नसते, उत्तरेचा वारा नाक कापून नेतो — आणि मग काय येऊन टपकेल याचा नेम नाही! पार आर्क्टिकहून भरकटलेला पांढराशुभ्र गल, म्हणजे समुद्रपक्षी. वादळाने समुद्रातून उचलून आणलेला, मुठीएवढा डव्हकी पक्षी, चक्क डोनटच्या दुकानामागे बसलेला. सगळे वॉर्बलर, ते चिमुकले किडेखाऊ पक्षी, केव्हाच दक्षिणेला गेलेत आणि एक येडं डिसेंबर उजाडला तरी झुडपात टिवटिवतंय! अशी बातमी ग्रुपवर पडली की मी मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करते आणि गाडीची किल्ली शोधते.

आमच्या या पक्षीवेड्यांच्या ग्रुपची एक रीत आहे. दुर्मीळ काही दिसलं की दाबून ठेवायचं नाही, लगेच कळवायचं. आणि ज्याने आधी पाहिला त्याचं नाव त्या पक्ष्याला चिकटतं, कायमचं. तो अमक्याचा गल, ते तमकीचं घुबड. पक्षी निघून जातो, नाव राहतं. माझ्या नावाचं काहीच नव्हतं. मी आपली नेहमी दुसऱ्यांच्या बातमीवर धावणारी. आणि मला हवं होतं हो, फार हवं होतं.

आता जगदाळे काका. शेजारच्या स्वातीचे वडील. सातारचे, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, अर्धं आयुष्य कालव्यांच्या काठाने हिंडण्यात गेलेलं. काकू गेल्यावर स्वातीने त्यांना इकडे आणलं. ते रोज सकाळी कानटोपी, त्यावर जावयाच्या जॅकेटचं हूड, अशा थाटात एकटेच बीचवर चक्कर मारून यायचे. त्या घरात सगळं लेकीचं, जावयाचं, नातवंडांचं. त्यांची स्वतःची म्हणावी अशी ती एक चक्कर. पण स्वातीला घोर लागला होता. बाबांनी एकदा गॅस चालू ठेवला. एकदा दोन गल्ल्या सोडून रस्ता चुकले. त्यांना एकटं सोडावं की नाही यावर तिच्या घरात रोज चर्चा. आणि काकांना ते कळत नव्हतं असं थोडंच आहे?

त्या सकाळी मी दारातला बर्फ ओढत होते. काका बीचवरून परतताना थांबले. चेहरा नुसता फुललेला. "अगं वैशाली, आपला धोबी आलाय की इथं! पार्किंगच्या कडेला ते शेवाळ साचलंय ना, त्यात. शेपटी हलवत मजेत फिरतोय."

धोबी तुम्ही पाहिलाच असणार. करडी पाठ, पांढरं तोंड, छातीवर काळा डाग, आणि शेपटी क्षणभर स्वस्थ नाही. आपल्याकडे थंडीत कुठल्याही तळ्याकाठी सापडतो, कोणी मान वळवून बघत नाही. पण अमेरिकेच्या या किनाऱ्यावर? त्याचं इकडे कामच काय! मी हसले. म्हटलं, "काका, इथे धोबी नसतो हो. दुसरंच काहीतरी असेल." ते "बरं" म्हणाले आणि गेले. वाद घातला नाही.

हसले खरी — पण फावडं हातात धरून तशीच उभी राहिले. कालव्यावर जन्म काढलेला माणूस धोबी ओळखायला चुकेल? जेवणाच्या सुट्टीत दुर्बीण गळ्यात अडकवली आणि सुटले.

बाई गं! काय सांगू तुम्हाला! भरतीने आणून टाकलेलं कुजकं शेवाळ, त्याच्या उबेवर थंडीतही माश्या घोंगावताहेत, आणि त्यांच्या मागे तुरुतुरु, तुरुतुरु — शेपटी वर-खाली, वर-खाली. धोबी. खराखुरा धोबी! घाईघाईत दुर्बिणीत आधी आकाशच दिसलं. लहानपणी नागपूरला अंबाझरी तलावाच्या काठावर ढिगाने पाहिलेला पक्षी, आणि इथे त्याच्यासाठी मला रडू फुटलं. देवाशप्पथ सांगते, त्या रिकाम्या पार्किंगमध्ये मी एकटी नाचले. मग फोटो काढले, भराभर. आणि ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं — मला आत्ता सापडला.

काकांचं नाव आठवलं नाही, असं म्हणू का? आठवलं होतं. टाइप करताना अंगठा अडखळला होता. आणि पुढे गेला.

दुसऱ्या दिवशी पार्किंगला जागा नाही! भल्या पहाटे निघून, राज्यं ओलांडून लोक आलेले. टेलिस्कोप, थर्मास, म्हातारे एकमेकांना मिठ्या मारताहेत. आलेला प्रत्येक जण आधी विचारायचा, दिसतोय का? आणि मग — कोणी शोधला? की सगळी बोटं माझ्याकडे. वर्षानुवर्षं मला नुसतं "व्ही" म्हणणारी माणसं त्या दिवशी "वैशाली" कसं उच्चारायचं ते विचारून घेत होती. मी नव्या नवरीसारखी मिरवत होते. स्वातीबरोबर काकाही आले, गर्दी बघून हरखले. माझ्या बाहीला धरून म्हणाले, "बघ, म्हटलं नव्हतं तुला?" मराठीत म्हणाले, म्हणून बरं झालं — असं मला त्या क्षणी वाटलं. स्वाती गाडी लावत होती. मी काकांकडे बघून हसले आणि पलीकडच्या माणसाशी बोलायला लागले.

आता सांगते. किती वेळ पक्ष्याभोवती घिरट्या घालणार?

त्या संध्याकाळी स्वाती माझ्या किचनमध्ये आली. कोटही काढला नाही. म्हणाली, "बाबा सारखं म्हणताहेत की तो पक्षी त्यांनी आधी पाहिला आणि तुला सांगितलं. वैशाली, प्लीज खरं सांग. सांगितलं होतं? की ते आता मनानेच काहीतरी जोडायला लागलेत? डॉक्टरांची अपॉइंटमेंट घ्यायची का, तेवढं मला ठरवू दे."

ती पक्ष्याबद्दल विचारत नव्हती. ते मला तेव्हाच, स्वच्छ कळलं होतं. खिशात फोन थरथरत होता, अभिनंदनावर अभिनंदन.

मी म्हटलं — नाही गं.

तेवढ्यावर थांबलेही नाही. म्हटलं, माझ्या तोंडून ऐकलं असेल, मग डोक्यात मिसळलं असेल. या वयात होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिला जवळ घेतलं, आलं घालून चहा केला. आणि ती गेल्या गेल्या फोन उघडून बसले. वाईट वाटलं का? कुठेतरी वाटलं असेल. पण जास्त मजाच वाटत होती. हे सांगायला जीभ धजत नाही, पण खरं तेच आहे.

काकांची चक्कर बंद झाली. समोरच्या दाराला घंटी लावली, उघडलं की घरभर वाजणारी. धोबी कडाक्याच्या थंडीपर्यंत राहिला आणि एका सकाळी नव्हता. ग्रुपमध्ये अजून त्याला वैशालीचा वॅगटेल म्हणतात, वॅगटेल म्हणजे इंग्रजीत धोबी. अजून ते ऐकलं की मला बरं वाटतं. हेही सांगून टाकते.

फेब्रुवारीत एका रविवारी स्वातीला काम होतं, म्हणून काकांना मी बीचवर नेलं. ते माझ्या हाताला धरून चालत होते. पूर्वी धरत नसत. बऱ्याच वेळाने म्हणाले, "पोरी, तेव्हा घोळ माझाच झाला बघ. तूच पाहिलास आधी. स्वातीनं समजावून सांगितलं मला. उगाच तुझ्या नावात वाटा मागत बसलो. मनावर घेऊ नकोस."

बीचवर आम्ही दोघंच होतो. ऐकायला कोणी नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हटलं, "असू दे हो काका."

समोर दिव्याच्या खांबावर एक पक्षी येऊन बसला. काळा, धटिंगण, ओरडणारा. काका बघत राहिले. तोंड उघडलं, मिटलं. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "हा कावळाच ना गं?"

"हो काका," मी म्हटलं. "कावळाच."