ताईंनी आम्हा आईबापांना गप्प राहायला शिकवले

निर्मलाताईंची माझी पहिली भेट त्यांच्या दारात झाली, आणि माझी मुलगी ऑटोतून खाली उतरायला तयार नव्हती.

तेव्हा ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. जवळ कोणी नसताना तिला आवाज ऐकू यायचे, गल्लीतली माणसे आपल्यावर पाळत ठेवतात असे वाटायचे. दवाखान्याच्या गोळ्यांनी आवाज कमी झाले, पण पोरगी घरात एका कोपऱ्यात बसली ती बसलीच. ही पुन्हा कधी माणसांत येईल की नाही, हीच काळजी. दवाखान्यातल्या सिस्टरांनी ताईंचे नाव सुचवले. ताई स्वतः परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या. वाशीमला त्यांच्या घरामागे टिनाची एक खोली होती. तिथे दर मंगळवारी अशी तरुण मुले-मुली आणि त्यांच्या घरची माणसे जमत.

ताई ऑटोजवळ आल्या आणि मुलीला म्हणाल्या, "चहा घेतं का, बाई?"

मी लगेच म्हटले, "ती चहा नाही घेत, दूध घेते."

ताईंनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. तशाच उभ्या राहिल्या. ऑटोवाला कुरकुरला, "मावशी, मले जाऊ द्या ना आता."

"जाशीन बाबा. तिचं उत्तर येऊ दे."

बऱ्याच वेळाने मुलगी म्हणाली, "चहा." आणि उतरली. मी बघतच राहिले.

हाच ताईंचा नेम. प्रश्न ज्याला विचारला, उत्तर त्यानेच द्यायचे. मग कितीही वेळ लागो. आम्ही सगळे आईबाप एकच चूक करायचो. लेकरू समोर बसलेले असताना 'त्याले झोप नाही लागली', 'तिले गर्दी आवडत नाही' असे आम्हीच सांगत सुटायचो. सलीमभाई आपल्या मुलाला घेऊन यायचे, त्यांचा टेम्पो होता. एकदा ते असेच बोलायला लागले तेव्हा ताईंनी विचारले, "भाई, त्याच्या तोंडाले कुलूप हाय काय?" सलीमभाई म्हणाले, "नाही ताई, कुलूप माह्याच तोंडाले लावा. चाबी तुमच्याजवळ ठेवा." त्यांचा मुलगा सगळ्यात आधी हसला.

मी भाविक बाई. एकदा भीतभीत विचारले, गोळ्या थांबवून नुसता अंगारा लावून पाहू का? ताई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "अंगारा लावा, पन गोळी चुकवू नका. गोळी नको असं मारोतीनं सांगतलं का तुमाले?" स्वतः ताई देवापुढे दिवा लावल्याशिवाय मंगळवार सुरू करत नसत. खाऊ म्हणून मुरमुरे-फुटाणेच असायचे. उधळपट्टी त्यांना खपत नाही, मलाही नाही, म्हणून आमचे लवकर जमले. पुढे आमच्या या मंगळवारच्या मंडळाचा जमाखर्चही त्यांनी माझ्याकडे दिला. मी नुसती मॅट्रिक, पण त्यांनी कधी शंका घेतली नाही.

केनवडच्या बाजाराचा दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. सलीमभाईंच्या टेम्पोतून मुले आणि आम्ही सगळे गेलो होतो, भाजी मुलांनीच घ्यायची होती. माझी मुलगी वांग्यांच्या ढिगापुढे मुकाट उभी. मी पुढे सरकले, तर ताईंनी माझा पदर धरला. भाजीवाली म्हणाली, "काहून वं, पोरगी बोलत नाही काय?"

"बोलते. तुमाले घाई हाय काय?" ताई म्हणाल्या.

मुलीने एक वांगे उचलले, उलटसुलट पाहिले. "हे किडकं हाय."

"अवं माय!" भाजीवालीने कपाळाला हात लावला. "बोलत नव्हती तेच बरं होतं!"

येताना टेम्पोत सगळे तेच बोलून हसत होते, मुलगीही. असे हसू मी किती दिवसांनी ऐकले होते!

वाट सरळ नव्हती. मुलगी पुन्हा कॉलेजात जायला लागली आणि त्रास उलटला. मी रडत ताईंकडे गेले. "सगळं वाया गेलं, ताई."

"तुमाले कसं समजलं, त्रास वाढला म्हणून?"

"तिनंच सांगतलं. म्हणे, आई, आवाज येऊन राह्यले, दवाखान्यात चाल."

"मंग वाया काय गेलं, वहिनी?"

मी डोळे पुसले. पहिल्या वेळी आम्हाला कळायलाच फार उशीर झाला होता. या वेळी पोरगी स्वतःच्या पायांनी दवाखान्यात गेली, डॉक्टरांशी स्वतः बोलली. मी बाहेर बाकावर नामस्मरण करत बसले. नंतर ती शिकली, आता नोकरी करते. गोळी आजही वेळेवर घेते.

आता मंडळाला पक्के सभागृह मिळाले आहे, पंखे आहेत. तरी मला ती तापलेली टिनाची खोलीच आठवते. ताई चटईवर बसलेल्या, एखादे लेकरू शब्द शोधते आहे, आणि आम्ही सगळे श्वास धरून थांबलो आहोत.

हा लेख लिहायचा ठरला तेव्हा मी मुलीला विचारले, "तुझं नाव लिहू काय?" तिने दुसऱ्या दिवशी उत्तर दिले. "नाव नको लिहू, आई. ज्याले सांगायचं त्याले मी सांगीन. ताईचं मात्र समदं लिही."

म्हणून तेवढेच लिहिले. ताईंनी पंचाहत्तरी गाठली. मारोतीरायाने त्यांचे गुडघे धड ठेवावेत, नजर अशीच तेज राहावी, आणि अजून पुष्कळ वर्षे कोणाच्या तरी लेकराच्या उत्तरासाठी त्यांनी असेच उभे राहावे, एवढेच मागणे.